जागेची शांतता

सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं:
थ्रिलरची पहिली दोन मिनिटं.
अंधार. चेहरा न दिसणारा माणूस.
कुठेतरी ठिबकणारं पाणी.
पात्राला कळायला हवं ते उशिरा कळावं,
प्रेक्षकाला मात्र आधीच कळलेलं असावं.
आणि खाली दोनदा रेघ ओढून: घाई नको.

आम्ही चौघं.
कॅमेरा निनादच्या मामाचा, लग्नांचा.
खुनी अभिराज, कारण काळा रेनकोट त्याच्याकडेच.
प्रेत तन्झिला, कारण ती हलत नाही.
आवाज माझ्याकडे: झाडूच्या दांड्याला बांधलेला माईक,
त्यावर आईच्या स्वेटरची बाही.

जागा मिरकरवाड्यातला बंद पडलेला बर्फाचा कारखाना.
अमोनियाचा वास भिंतींतून अजून गेलेला नाही.
ठिबकणारं पाणी तेवढं नव्हतं,
नळ कुणीतरी कापून नेलेले.
निनादने बाटलीला भोक पाडलं.

पहिला शॉट:
अनोळखी माणूस जेट्टीवरून चालत येतो.
अभिराज टोपी नाकापर्यंत ओढून निघाला
आणि सुरमई कापता कापता सुभद्राबाय म्हणाली,
"सावंतांचा ना रं तू? चालीवरनं वळखला.
गरम नाय होत त्यात?"
दुसऱ्या टेकला बर्फवाल्याने त्याच्या हातात टोपली दिली,
जातोच आहेस तर तिकडे ठेव.
तिसऱ्या टेकला कुत्रं, शेपूट हलवत, थेट फ्रेममध्ये.
निनादने वहीत लिहिलं:
या बंदरात अनोळखी माणूस मिळत नाही.
चिपळूणहून भाड्याने आणावा लागेल.

मी हेडफोन लावून बसले होते.
हेडफोनमध्ये सगळं जवळ येतं,
ताणलेल्या दोराची करकर, खवल्यांवरून फिरणारी सुरी,
पार टोकाला वायरलेसवर कुणीतरी एकच नाव
परत परत. खरखर. परत.
आवाजाची पातळी लावायला मी तेच वापरलं.
काटा बरोबर मध्ये येत होता.

नाव बोटीचं होतं.
बोट तन्झिलाच्या अब्बांची.
मला माहीत नव्हतं. तिला होतं.
सकाळपासून ती लादीवर निपचित,
पापणी न हलवता,
आणि आम्ही म्हणत होतो, काय ॲक्टिंग करते ही.

सरांची यादी मी नंतर पुन्हा वाचली.
त्यात हे नव्हतं:
की वाट बघणाऱ्या बायका मासळी निवडत राहतात,
भावावरून भांडतात, एकमेकींच्या सुनांवर हसतात,
आणि इंजिन ऐकू आलं की
सगळ्यांचे हात एकदम थांबतात.
संगीत नाही. क्लोज-अप नाही.
मग कुणाचं तरी निघतं ते,
बाकीच्यांच्या सुऱ्या पुन्हा चालू.

(अब्बा आले. दुसऱ्या दिवशी दुपारी,
जयगडच्या बोटीने ओढून आणलेले,
गिअरला आणि गिअर विकणाऱ्याला शिव्या देत.
सांगून टाकते.
हे ताणून धरायचा मला हक्क नाही.)

शूट संपलं की आवाजवाल्याचं एक काम उरतं.
कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही,
रिकाम्या जागेची शांतता तीस सेकंद भरून घ्यायची.
तुकडे जोडताना मधली भोकं बुजवायला लागते.
मी हात वर केला. सगळे गोठले.
अकराव्या सेकंदाला, लांब, बंदराच्या तोंडाशी
इंजिन.
प्रेताने डोळे उघडले.
कोपरावर उठलं. मान एका बाजूला.
मी हात खाली घेतला नाही.
एकोणिसाव्या सेकंदाला ती हळूच म्हणाली,
"आमचं नाही,"
आणि परत लादीवर पडली,
केस होते तसेच पसरून,
कंटिन्युइटी न मोडता.

फिल्मभर ते तीस सेकंद अंथरलेले आहेत,
खुन्याच्या पावलांखाली, बाटलीच्या थेंबांखाली.
तिचे दोन शब्द मी कापले.
इंजिन राहू दिलं.

सरांचा शेरा: ध्वनी ठीक.
खुनी जरा ओळखीचा वाटतो.